चाळणीवरची जागा

नागोजीचा अर्ज माझ्या टेबलावर आला तेव्हा मला त्या कचेरीत लागून फार दिवस झाले नव्हते. दुसरी मोठी लढाई संपून वर्ष होत आलं होतं. बेळगावच्या छावणीतून रोज माणसं सुटत होती आणि त्यांना कुठेतरी कामाला लावण्यासाठी आमची कचेरी उघडली होती. मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो होतो. कुठे प्रयोगशाळेत जागा निघेपर्यंत घरी बसायचं नाही, एवढ्याचसाठी मी टिळकवाडीहून सायकल मारत तिथे जात असे.

लढाईवरून परतलेल्या माणसाला त्याची जुनी जागा मिळावी, असं सरकारचं म्हणणं होतं. छावणीत सगळ्यांना ते ठाऊक होतं. मात्र ते नीट वाचलं की त्यात दोन थर दिसत. कारखान्यातले जे कारागीर सरकारने हुकूम काढून उचलून नेले होते, त्यांना परत घेणं मालकाला बंधनकारक होतं. जे आपल्या पायांनी पलटणीत गेले, त्यांच्याबाबतीत मालकाला नुसती विनंती करायची होती. आमच्याकडे येणारे बहुतेक सगळे दुसऱ्या थरातले असत आणि त्यांना हा फरक कुणी सांगितलेला नसे.

नागोजी लढाईआधी निपाणीत मारुतीरावांच्या तंबाखूच्या वखारीत चाळणीवर होता. त्याने लिहून घेतलेल्या अर्जात होतं की तो परत आला आहे, पण त्याच्या जागी दुसरं माणूस बसलं आहे, तर सरकारने त्या माणसाला तिथून उठवावं. मालकाविरुद्ध एकही शब्द नव्हता. मला ते चमत्कारिक वाटलं. आमच्याकडचे बाकीचे अर्ज मालकाला शिव्या देतच सुरू होत. साहेबांना दाखवलं तर ते म्हणाले, जाऊन बघून या, आणि बघितल्याशिवाय काही लिहू नका.

निपाणीची सर्व्हिस मोटार तेव्हा अजून कोळशाच्या गॅसवर चालत होती. मागे शेगडीसारखी टाकी बसवलेली, क्लीनर मधूनमधून उतरून ती ढवळायचा. चढावर उतारूंनाही उतरावं लागे. माझी त्यालाही हरकत नव्हती, कारण त्या निमित्ताने टाकीचं झाकण उघडताना आत डोकावता आलं.

वखार गावाच्या कडेला होती. दारातच तंबाखूचा असा ठसका बसला की मला बोलता येईना. मारुतीराव गादीवर बसले होते. पन्नाशीचे, अंगाने भरलेले, गळ्यात तुळशीची माळ. त्यांनी आधी पाणी दिलं, मग चहा मागवला, मग विचारलं की काय काम काढलं. मी नागोजीचं नाव घेताच ते हसले.

"सरकारचा हुकूम आणलाय का विनंती?"

खोटं बोलावं असं क्षणभर मनात आलं. पण त्यांनी कागद बघायला मागितला असता तर पंचाईत झाली असती. मी म्हणालो, विनंती.

"मग बसा निवांत. हुकूम असता तर चहा गार झाला असता."

आपण कुणा परक्याला त्या जागेवर बसवलेलं नाही, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. त्यांच्या वखारीत चाळणीवरची जागा माणसाची नसे, घराची असे. वडिलांच्या वेळेपासून तशी रीत होती. एका घरचा गडी आजारी पडला, देवाला गेला, मेला, तरी त्याच घरातलं कुणीतरी येऊन त्याच चाळणीवर बसायचं. मालकाला माणूस शोधावा लागत नसे आणि घराला चूल विझायची भीती नसे. नागोजी भरती झाला तेव्हाही तसंच झालं होतं. मला समजेना, मग तक्रार कशाची. मारुतीराव उठले आणि म्हणाले, या, दाखवतोच.

आत मोठी लांब खोली होती. वरच्या तुळयांना दोरांनी चाळण्या टांगल्या होत्या, प्रत्येकीसमोर एक माणूस बसलेलं. पानांचा चुरा चाळणीवर ओतायचा, झोका द्यायचा, बारीक खाली पडायचं, जाड वर राहायचं. सगळ्यांनी तोंडाला फडकी बांधली होती. कोपऱ्याजवळच्या चाळणीवर एक बाई होती, आणि तिच्या हाताखालचा ढीग बाकीच्यांपेक्षा वेगळा आहे, हे मलाही दिसलं. मी तिच्या आणि दुसऱ्या एका ढिगातला चिमूटभर चुरा उचलून तळहातावर पसरला. तिच्या चुऱ्यातला प्रत्येक कण जवळजवळ सारख्या मापाचा होता. बाकीचे चाळण नुसती मागेपुढे ढकलत, ही मागे नेताना मनगटाला हलकीशी गिरकी देत होती. कॉलेजात अशा कामाला आम्हाला पितळेच्या चाळण्यांची अख्खी उतरंड लागायची.

"हे बसलेलं माणूस," मारुतीराव म्हणाले. "मालुबाई. नागोजीची बायको."

म्हणजे आमच्या कचेरीने सरकारी खर्चाने मला इथे पाठवलं होतं ते एका माणसाच्या बायकोला उठवायला. चाळणीवरची माणसं फडक्याआडून हसत होती. त्यांना सगळं आधीच ठाऊक असावं.

मालुबाईने चाळण थांबवली, फडकं खाली घेतलं आणि मला नीट न्याहाळलं. तिशीतली असेल. पापण्यांवर तंबाखूची धूळ बसली होती.

"तुमी बेळगावचं साहेब व्हय? आलासा म्हणजे. मला वाटलं, सरकार जरा म्हातारं असंल."

बाजूची माणसं पुन्हा हसली. मी विचारलं, नवऱ्याने अर्ज केल्याचं तिला माहीत होतं का. तिला माहीत होतं, किंबहुना तो तिच्यामुळेच झाला होता. नागोजी परत आला, पहिल्या दिवशी वखारीत डोकावून गेला, आठवडाभर घरात बसला, मग रोज वखारीच्या दारात येऊन उभा राहू लागला. ऊठ म्हणाला नाही, बसू दे म्हणाला नाही, नुसता उभा. चार दिवस तिने ते बघितलं आणि पाचव्या दिवशी सगळ्यांदेखत म्हणाली, असा उभा राहू नकोस, मला इथनं सरकारनं उठवलं तरच उठीन. ती चिडून बोलली होती. पण पाच वर्षं पलटणीत काढलेल्या माणसाने ते सरळ मनावर घेतलं आणि सरकारकडे गेला.

मी तिला कायदा सांगू लागलो, दोन थरांसकट. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, माझ्या अपेक्षेपेक्षा जास्त लक्ष देऊन. मग म्हणाली, "गेलेल्याची जागा ऱ्हावी म्हणून कायदा. बरोबर हाय. पर ती जागा मधी राखली कुणी, त्येचं नाव हाय का कुठं त्यात?"

मी म्हणालो, नाही.

"मग त्यो कायदा निम्माच हाय," असं म्हणून तिने फडकं वर ओढलं. मी निघणार तेवढ्यात तिने हातातली चाळण न थांबवता पुढे सांगितलं की तिला नवऱ्याला उपाशी ठेवायचं नाही, बसवून ठेवायचंही नाही. त्याच्यासाठी जागा आहे. ती कुठे आहे हे त्याला माहीत आहे. तो तिकडे का जात नाही, तेवढं सरकारने विचारून घ्यावं, कारण बायकोने विचारलं तर तो उठून बाहेर जातो.

तिची नजर गेली तिकडे मी पाहिलं. शेजारची एक चाळण खाली सोडलेली नव्हती. दोर गुंडाळून ती तुळईला घट्ट बांधलेली होती आणि तिच्यावर धुळीचा थर होता. हंगाम भरात असताना, बाहेर अंगणात तंबाखूने भरलेले मोठाले बोद रचून पडलेले असताना एक चाळण बंद. मी मारुतीरावांना कारण विचारलं. ते पहिल्यांदाच थोडे अवघडले.

ती रवळूची होती. रवळू आणि नागोजी शेजारी शेजारी चाळायचे, एकाच दिवशी भरती झाले, एकाच पलटणीत गेले. इटलीतून रवळू बेपत्ता झाल्याचं कळवणारं पत्र त्याच्या आईला आलं, पुढे काही आलं नाही. त्या घरात आता त्याची आई अंबुबाई एवढीच. म्हातारीला चाळण ओढवत नव्हती, आणि जागा सोडते असंही ती म्हणत नव्हती. रीत अशी की घराने होकार दिला तर दुसऱ्या घरचा माणूस त्या चाळणीवर बसू शकतो. होकार येईपर्यंत तिला मालकानेही हात लावायचा नाही.

"दोनदा माणूस धाडला," मारुतीराव म्हणाले. "म्हणती, ज्याला जागा पायजे त्येला सोता यायला सांग. नाग्याला सांगितलं, जा. त्यो म्हणतो, मला माझीच जागा पायजे." मग जरा थांबून त्यांनी मला विचारलं, "तुमच्या त्या कागदात बेपत्ता माणसाचं काय लिवलंय? त्येचीबी जागा राखायची का?"

 ते त्यात कुठेच नव्हतं. परत आलेल्याचा विचार तिथे केलेला होता. न आलेल्याची जागा किती काळ त्याची राहते, हा प्रश्न लिहिणाऱ्यांना पडलाच नसावा. मारुतीरावांच्या वखारीला मात्र तो पडला होता आणि तिने आपलं उत्तर तुळईला बांधून ठेवलं होतं.

नागोजी मला वखारीमागच्या विहिरीपाशी भेटला. मी येणार हे त्याला कळलेलं होतं. मला बघताच तो उभा राहिला, टाचा जुळवून, आणि मी बस म्हणेपर्यंत बसला नाही. उंच, हडकुळा माणूस. डावा पाय किंचित ओढत होता. त्याने पहिल्यांदा हेच विचारलं की बायको उठली का.

मी त्याला विनंती आणि हुकूम यांतला फरक सांगितला.  आपण हुकुमाच्या माणसांत मोडत नाही हे त्याला नवीन होतं. पाच वर्षं तो दुसऱ्या कशात मोडलाच नव्हता. मग त्या बांधून ठेवलेल्या चाळणीचं मी विचारलं. तो उठून चालायला लागला. मालुबाईने सांगितलं होतं तसंच. पण मी त्याच्याबरोबर चालत राहिलो, कारण मला खरंच जाणून घ्यायचं होतं. रिकामी जागा, तीच वखार, तेच काम, मित्राची. मग बायकोशी भांडण काढून, सरकारला मध्ये घालून त्याने आपल्याच चाळणीचा हट्ट का धरावा? बेपत्ता माणसाच्या जागेवर बसू नये अशी अंधश्रद्धा म्हणावी तर मालुबाई तिथे जायला सांगत होती. म्हातारीशी जुनं वैर असेल असंही वाटलं. मी ते बोलून दाखवलं.

"वैर कसलं," तो म्हणाला. "काकीच्या हातचं खाऊन मोठा झालोय मी."

मग शेवटचं तिला केव्हा भेटलास, असं मी विचारलं. तो म्हणाला, भरतीला जायच्या दिवशी.

म्हणजे परत आल्यापासून तो तिच्या दारात गेलाच नव्हता. घर तर तीन गल्ल्यांवर होतं. इथे मला कळायला हवं होतं, पण कळलं नाही. मी आपला विचारत राहिलो, रवळू बेपत्ता झाला तेव्हा तू कुठे होतास, त्याच तुकडीत होतास का, तुला कुणी काही विचारलं का. हे प्रश्न मी चौकशी म्हणून विचारत होतो, एकामागून एक, जसे आम्ही द्रावणात थेंब टाकायचो तसे. तो अचानक थांबला.

"बेपत्ता न्हाय त्यो, साहेब."

मला वाटलं तो आशेने बोलतोय. मी म्हणालो, म्हणजे जिवंत असेल असं वाटतं?

त्याने मान हलवली. रस्त्याच्या कडेला एक दगड होता, त्यावर बसला आणि खाली बघत सांगितलं. नदी होती. पहाटेपूर्वी पलीकडे जायचं होतं. रवळूची नाव त्याच्या नावेच्या पुढे होती, आणि ती उलटताना त्याने बघितली. रवळूला बघितलं, एकदा, पाण्याखाली जाताना. मग नागोजीच्याच पायाला लागलं आणि तो दवाखान्यात शुद्धीवर आला. मागून कोणीतरी माणसं मोजली असतील, कोण सापडलं नाही ते लिहिलं असेल. "मला कुणी इचारलं न्हाय," तो म्हणाला, "आन् म्या सांगितलं न्हाय. वाटलं, दुसऱ्या कुणी बघितलं असंल. त्येनं सांगितलं असंल."

परत येईपर्यंत त्याला खात्री होती की म्हातारीला कळलेलं आहे. आल्यावर पहिल्या दिवशी वखारीत गेला आणि बांधलेली चाळण बघितली. तेव्हा त्याला समजलं की तिला कुणीच सांगितलेलं नाही. रवळूची जागा मागायची तर तिच्या घरी जायला हवं, आणि गेलं तर सांगायला हवं. त्यापेक्षा बायकोला उठवणं सोपं होतं. तेही तोंडाने जमेना, म्हणून सरकार.

मी त्याच्या शेजारी उभा होतो. कचेरीचा माणूस म्हणून माझं काम तिथे संपलं होतं. मालकाला विनंती करून झाली होती, मालक तयारही होता, अडचण कायद्याच्या बाहेरची होती. तसं लिहून मी संध्याकाळच्या मोटारीने परत जाऊ शकत होतो. मी त्याला म्हणालो की मी तुझ्याबरोबर येतो, हवं तर. त्याने दगडावरून उठून डोक्यावरची टोपी सारखी केली. मग विचारलं, "सरकार म्हणून येणार का असंच?"

"असंच," मी म्हणालो.

अंबुबाईचं घर गल्लीच्या टोकाला होतं. ती दारात सुपात जोंधळा निवडत बसली होती. उन्हाकडे तोंड करून बसल्यामुळे आम्ही जवळ येईपर्यंत तिला दिसलो नाही. दिसल्यावरही ती उठली नाही. सूप बाजूला सारलं आणि नागोजीकडे बघत राहिली. तो अंगणात उभा, तिथेही टाचा जुळवून.

"काकी," तो म्हणाला.

"पाय वडतोस रं."

"लागलंतं."

"बस."

तो जमिनीवर बसला. मला तिने पायरीवर जागा दाखवली आणि मी कोण ते विचारलं नाही. पाण्याचा तांब्या आणून ठेवला. मग पुन्हा येऊन बसली, या वेळी त्याच्यासमोर. नागोजीने एकदा घसा साफ केला, आणि तो मालकांचं नाव घेऊन काहीतरी सुरू करणार होता, चाळणीविषयी. तिने त्याला मधेच थांबवलं.

"जागा पायजे म्हणून आलास?"

"व्हय," तो म्हणाला. मग म्हणाला, "न्हाय."

ती थोडी पुढे झुकली. तिचा आवाज चढला नव्हता. मारुतीरावांकडून दोनदा माणूस आला होता, तिने दोनदा त्याला परत पाठवलं होतं, गल्लीतल्या बायका तिला म्हणत होत्या की म्हातारी वेडी झाली आहे, न येणाऱ्या पोरासाठी भर हंगामात जागा अडवून बसली आहे. हे सगळं तिने स्वतःच सांगितलं, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं.

"मला काय कळत न्हाय व्हय?" ती म्हणाली. "तू आलास आन् माज्या दारात आला न्हाईस, त्याच दिवशी कळलं मला. जागा आदीच सोडली असती तर मला सांगाया कोण आलं असतं? सरकारचं पत्र आलं, त्यात बेपत्ता. पलटणीचं कोण आलं न्हाय. तू गल्ली चुकवून जातोस. म्हटलं, जागा धरून ठेवती. कुणाला तरी ती लागंलच. मागाया येईल त्येला सांगूनच मागावं लागंल."

नागोजीने मान वर केली नाही.

मी जे पाहिलं होतं ते चुकीचं वाचलं होतं, हे मला तिथे पायरीवर बसून उमगलं. मी समजत होतो की ती चाळण बांधून ठेवणं म्हणजे आशा आहे. वखारीतही सगळे तसंच समजत होते. आशा फार आधीच संपली होती. तिला फक्त बातमी हवी होती, तीही नीट, माणसाच्या तोंडून. त्यासाठी तिच्या हातात एकच वस्तू होती जिची दुसऱ्या कुणाला गरज पडू शकत होती.

"जागा घे," ती म्हणाली. "उद्या मारुतीरावाला सांग, म्हातारीनं सोडली. लागलं तर मी येऊन दोर सोडती. तुजी बायकू बसलीया तिथं ऱ्हाऊ दे, लई चांगलं काम हाय तिचं, मी बघितलंय. पर आदी सांग."

मी उठायला लागलो. हे ऐकायचा मला काही हक्क नव्हता. पण तिने हातानेच मला बस म्हणून खुणावलं, आणि नागोजीनेही माझ्याकडे असं बघितलं की मी बसलो.

"काय सांगू, काकी?"

"समदं. थंडी व्हती का, अंगावर काय व्हतं, जेवलंतं का त्यो. मधलं काय सोडू नगंस."

नागोजीने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.  मग त्याने सांगायला सुरुवात केली, नदीपासून नाही, आदल्या संध्याकाळी दोघांनी काय खाल्लं तिथपासून.